गुरुजींच्या संडासाचं उद्घाटन

सावरटोली (नागभीड)
९ ऑक्टोबर १९८७

चि. यशोधरा हिस सप्रेम जयभीम.

दीक्षाभूमीवर तू भेटलीस तेव्हा एक गोष्ट सांगायची होती. भोवती लाखभर माणूस होतं आणि गोष्ट पोटाची होती. म्हणून राहिली.

मागच्या महिन्यात अंगणाच्या कोपऱ्यात संडास बांधला. सरकारी योजना आहे. गावातला पहिला. ग्रामसभेत मला बोलायला उभं केलं. निवृत्त मास्तरला उभं केलं की तो लवकर बसत नाही. मी म्हणालो, आजपासून सोमाजी बारसागडे लोटा घेऊन तळ्यावर, बोडीच्या पाळीवर जाणार नाही. टाळ्या पडल्या. बीडीओ साहेबांनी तिथेच जाहीर केलं की सव्वीस जानेवारीला उद्घाटन करू. गुरुजी गावासमोर सांगतील, मी रोज वापरतो. मग बाकीचे लोक अर्ज भरतील.

अडचण अशी आहे. मी रोज जातो. दार लावतो. बसतो. उठतो. येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी कसंबसं काही होतं. नुसतं बसून येण्याला वापर म्हणता येईल का, या प्रश्नावर मी बराच विचार केला. आत वेळ भरपूर असतो.

विहारात दर रविवारी मी मुलांकडून पंचशील म्हणून घेतो. खोटं न बोलण्याचं शील आलं की हल्ली माझा आवाज खाली जातो. मुलांच्या लक्षात आलं आहे.

तुझ्या मोठ्या आईला काही त्रास नाही. ती जाते आणि येते.

तू आतड्यांवरच शिकते आहेस, असं माझा धाकटा, म्हणजे तुझा बाप, सगळ्यांना सांगतो. औषध कळव. बापाला कळवू नकोस.

तुझा मोठेबाबा,
सोमाजी

*

नागपूर
१६ ऑक्टोबर

ती. मोठेबाबांस सविनय जयभीम.

आंतरदेशीय पत्रं संपली होती म्हणून कार्ड लिहिते. अक्षर बारीक आहे, चष्मा लावून वाचा.

तुम्हाला औषध नको. आतड्याच्या आतल्या अस्तरात काही पेशी असतात. त्यांच्यात सेरोटोनिन नावाचं द्रव्य साठवलेलं असतं. अंगातलं बहुतेक सगळं सेरोटोनिन तिथेच. अन्न आलं की भिंत ताणली जाते. पेशी ते द्रव्य सोडतात. द्रव्य शेजारच्या नसांना जागं करतं. मग मागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो, आणि अन्न पुढे सरकतं. हे सगळं आतड्याचं आतडंच करतं, डोक्याला विचारत नाही. द्रव्य फार झालं तर जुलाब.

तेव्हा भिंत ताणली जाईल असं खा. अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, भाकर. पाणी भरपूर.

गंमत म्हणजे हेच द्रव्य खाजकुयलीच्या शेंगेवरच्या लवेत आणि विंचवाच्या विषातही असतं. दोन्ही आपल्याकडे पैशाला पासरी!

मोठ्या आईस जयभीम.

यशोधरा

*

सावरटोली
२९ ऑक्टोबर

चि. यशोधरा हिस जयभीम.

कार्ड मिळालं. गावालाही मिळालं.

देवराव पोस्टमनला बारीक अक्षर मनात वाचता येत नाही, तोंडाने वाचावं लागतं. त्याने पानठेल्यावर वाचलं. लोकांना अर्थ लागला नाही, म्हणून पुन्हा वाचलं. माझ्यापर्यंत पोचलं तेव्हा कार्डाला चुना लागलेला होता.

तेव्हापासून रस्त्याने चालणं कठीण झालं आहे. काल गिरजाबाईने धानाचा भारा डोक्यावर असताना थांबून विचारलं, ‘गुरुजी, भिंत ताणली का?’ तिला मी दुसरीत दोनदा बसवलं होतं.

तू लिहिलंस तसं खाल्लं. दोन्ही वेळ अंबाडी. तीन भाकरी. जवस. पाणी इतकं की तुझी मोठी आई सुगंधा म्हणाली, ‘बैलाले हौदावर नेल्यासारखं वाटून राह्यलं.’ भिंत ताणली गेली यात शंका नाही. बाहेरून दिसते. पुढचं काही झालं नाही. तुझ्या पेशींना कोणीतरी कळवायला हवं.

सोबत चार कोरी आंतरदेशीय पत्रं पाठवतो. ती वापर.

सोमाजी

*

नागपूर
७ नोव्हेंबर

ती. मोठेबाबांस सविनय जयभीम.

चुकले. कार्डाबद्दल क्षमा करा. आणि भाकरी दोनवर आणा.

इथे माझंही तुमच्यासारखंच चाललं होतं. गिनीपिगच्या आतड्याचा बोटभर तुकडा कोमट खारट पाण्यात टांगतात. त्याला दोरा, दोऱ्याला काडी. तुकडा हलला की काडी काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढते. मी तुकडा टांगला, सेरोटोनिनचे थेंब टाकले. रेघ सरळच. तीन दिवस सरळच.

मॅडम येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘तू टांगल्याबरोबर टोचतेस. अर्धा तास त्याच्याकडे बघू नकोस. त्याला ओळखीची ऊब मिळू दे, मग विचार.’

अर्धा तास मी खिडकीबाहेर बघितलं. मग एक थेंब टाकला. रेघ डोंगरासारखी चढली.

तेव्हापासून मला वाटतं, तुमच्या खाण्याबद्दल मी विचारलं, पण बाकी काहीच विचारलं नाही. पूर्वी कसं होतं ते लिहा. वेळ किती, अंतर किती, सोबत कोण. लाजू नका. मी दिवसभर हेच करते.

यशोधरा

*

सावरटोली
२४ नोव्हेंबर

चि. यशोधरा हिस जयभीम.

विचारलंस म्हणून लिहितो. मास्तरने प्रश्न अर्धा सोडवू नये.

वेळ: उजाडताना. अंतर: घरापासून बोडीची पाळ, सहाशे पावलं. सोबत: पत्रू.

पत्रू म्हणजे मागच्या घरचा. तुला लहानपणी मोहाच्या झाडावर चढवून विसरून गेला होता, तो. मी एकोणपन्नास साली इथल्या शाळेवर रुजू झालो त्या आठवड्यापासून आम्ही बरोबर जात होतो. अडतीस वर्षं. तो माझ्या कुंपणाशी येऊन खोकायचा. मी निघायचो. वाटेत तंबाखू. मग दोन पळसांच्या आडोशाला दोघं, मध्ये झुडूप. बोलणं तोच करायचा. बैल, पाणी, कोणाची म्हैस कोणाच्या धानात शिरली. मी हूं म्हणायचो. पोटाकडे कोणाचं लक्ष नसायचं. ते आपलं काम करून मोकळं व्हायचं.

ग्रामसभेत मी प्रतिज्ञा केली तेव्हा तो मागून उठला. म्हणाला, ‘मास्तर, मांजरही बाहेर जाते!’ सभा हसली. मी त्याला अडाणी म्हणालो. सभा तेव्हाही हसली.

तेव्हापासून बोलणं नाही. कुंपणाशी खोकत नाही. पण त्याचा या विषयाशी संबंध नाही. तू सोबत विचारलीस म्हणून लिहिलं.

धान कापणी चालू आहे. उत्तर सवडीने पाठव. सव्वीस जानेवारीला त्रेसष्ट दिवस आहेत.

सोमाजी

*

सावरटोली
१५ डिसेंबर

यशोधरा,

थोडक्यात लिहितो, बसून लिहिता येत नाही.

संडासाच्या दाराशी पाण्याचं डबडं असतं. शुक्रवारी सकाळी मी ते आत नेलं. आत नेहमीप्रमाणे काही झालं नाही. तरी शिस्त म्हणून पाणी वापरलं.

पाण्यात खाजकुयलीची लव होती.

मी सहाशे पावलं किती वेळात गेलो ते सांगता येणार नाही. बोडीत कमरेइतक्या पाण्यात तीन तास बसून होतो. डिसेंबरात. पाळीवर माणसं जमली. गिरजाबाई म्हणाली, ‘गुरुजी, तुमी तं बोडीवर येणार नव्हते?’ मी म्हणालो, आंघोळ करतो आहे. म्हणजे प्रतिज्ञा गेली आणि शीलही गेलं, एका सकाळी.

सुगंधाने आदल्या संध्याकाळी पत्रूला आमच्या कुंपणाशी बघितलं होतं. हातात एरंडाच्या पानाची पुडी. तुझं कार्ड पानठेल्यावर वाचलं तेव्हा तोही तिथे होता. माझी फजिती करायला त्याला तुझ्याच शास्त्राचा उपयोग झाला.

या माणसाशी मी जन्मात बोलणार नाही. सव्वीस जानेवारीला स्टेजवर उभा राहून सांगणार, की मी वापरत नाही, मला वापरता येत नाही. योजना बुडाली तर बुडो. खोटं मी एकदा बोललो, पुन्हा बोलणार नाही.

सोमाजी

(पत्राच्या दुमडीवर, पेन्सिलने)

यशू, मी मोठी आई. हे झोपले आहेत, पालथे. यांनी स्टेजवर तसं सांगितलं तर गावात दुसरा संडास होणार नाही. बाया पहाटेच्या आधी अंधारात जातात, साप निघते, माणसं निघतात. आम्हाला पोटाची भिंत कधी कोणी विचारली नाही. मी एकटी जाते, मले बोलायला कोणी लागत नाही. यांचं काहीतरी कर. आणि पत्रूभाऊची रुखमाबाई सांगत होती, पत्रूभाऊ रोज बोडीवर एकटे जातात आणि तसेच वापस येतात. त्यायचंही बंद आहे. कोणाले सांगू नको म्हणाली. म्हणून कार्डावर लिहू नको.

*

नागपूर
२७ डिसेंबर

पत्रूकाका यांस यशोधराचा नमस्कार.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. तुम्हाला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. गावात पत्र वाचून कोण देतं हेही माहीत आहे. तेव्हा वाचणाऱ्याला आधी सांगा, की एकही शब्द गाळायचा नाही, बदलायचा नाही. त्यांनी पंचशील घेतलं आहे.

काका, आतडं फार स्वतंत्र असतं. मी त्याचा तुकडा कापून पाण्यात टांगते, तरी ते हलतं. त्याच्याकडे स्वतःचं द्रव्य आहे, स्वतःच्या नसा आहेत. पण जिवंत माणसात वर एक डोकं असतं. ते आतड्याला चालायला शिकवू शकत नाही, अडवू मात्र शकतं. माणूस दार लावून बसला आणि मनात म्हणू लागला, आज झालं पाहिजे, गाव बघतं आहे, सव्वीस जानेवारी आली, की डोकं आतड्याच्या छातीवर बसतं.

मोठेबाबांचं डोकं अडतीस वर्षं तुमच्या म्हशीच्या गोष्टींत गुंतलेलं असायचं. तेवढ्या वेळात आतडं आपलं काम उरकायचं. तुमच्या गोष्टी बंद झाल्या. अंबाडीने काय होणार?

मला वाटतं तुमचंही तसंच झालं आहे. कोणी सांगितलं ते विचारू नका.

आता एक प्रश्न. खाजकुयली तुम्ही टाकली का? टाकली असेल तर का? उत्तर वाचणाऱ्याच्या तोंडावर द्यावं.

रुखमाकाकूंना नमस्कार.

यशोधरा

*

सावरटोली
६ जानेवारी १९८८

चि. यशोधरा हिस सप्रेम जयभीम.

तू मास्तर व्हायला हवी होतीस.

रविवारी दुपारी कुंपणाशी खोकला ऐकू आला. बघतो तर पत्रू. हातात आंतरदेशीय. देवरावकडे का गेला नाहीस, म्हणून मी विचारलं नाही. तो चार दिवस ते पत्र धोतरात बांधून फिरत होता, हे नंतर कळलं.

त्याने पत्र माझ्यासमोर धरलं आणि आंब्याकडे बघत म्हणाला, ‘वाचून दे.’

अडतीस वर्षांत मी त्याची सगळी पत्रं वाचली. त्याच्या मुलाची सिरोंच्याहून येणारी, साळ्याची, कोर्टाची. कधी नाही म्हणालो नाही. मी घेतलं. फोडलं. पहिल्याच ओळी मोठ्याने वाचून थांबलो. तो म्हणाला, ‘काऊन थांबला? पोरीनं गाळाले नाई सांगतलं ना?’

‘तुला कसं कळलं?’

‘तूच वाचून राह्यला ना आता!’

मी सगळं वाचलं. माझं आतडं, माझं डोकं, सगळं मोठ्याने, माझ्याच अंगणात. म्हशीच्या गोष्टींपाशी तो माझ्याकडे पहिल्यांदा बघता झाला. त्याचंही बंद आहे, हे वाचलं तेव्हा सुगंधा घाईने चुलीकडे गेली.

मग प्रश्न आला. खाजकुयली तुम्ही टाकली का?

‘टाकली,’ पत्रू म्हणाला.

‘का?’

‘का म्हंजे? पोरीनं कार्डात लिवलं नव्हतं का, ते औषध खाजकुयलीत असते म्हणून? दोनदा वाचलं देवरावनं. म्या म्हटलं, मास्तर महिनाभर अंबाडी खाऊन राह्यला, फुगून राह्यला, पण शेंग तोडाले जात नाई. शिकलेला माणूस. म्या तोडली.’

‘अरे, पण पाण्यात?’

‘जिथी दुखते तिथीच दवा लावा लागते ना.’

मी पत्र खाली ठेवलं.

‘खाजते हे तुला माहीत नव्हतं?’

‘दवा म्हंजे थोडी आग होणारच. म्या पयले विंचूच ढुंढला होता. भेटला नाई.’

यशोधरा, मी हसलो. किती दिवसांनी हसलो ते आठवत नाही. पत्रू आधी गंभीर राहिला, मग तोही. हसता हसता माझ्या पोटात काहीतरी सरकलं. मी हात वर करून थांबवलं. त्याने एका नजरेत ओळखलं. अडतीस वर्षं थोडी नव्हती.

‘जाय,’ म्हणाला. ‘म्या इथीच आहो.’

मी गेलो. दार लावलं. तो भिंतीच्या बाहेर बसला आणि मुखरूच्या बैलाने शिंग कसं मोडलं ते सांगू लागला. शिंग मोडेपर्यंत मला थांबावं लागलं नाही.

रोज येतो आहे. सव्वीस तारखेबद्दल मी विचार करतो आहे. रोज वापरतो हे आता खरं आहे. पण पूर्ण खरं नाही.

सोमाजी

*

सावरटोली
२८ फेब्रुवारी १९८८

यशूबाईस पत्रूचा नमस्कार.

हे पत्र मी सांगून राह्यलो, मास्तर लिवून राह्यला. तो आपल्या पुस्तकी भाषेत लिवाले पाहे. म्या म्हटलं, जसं बोलतो तसं लिव, नाई तं तुह्यं शील गेलं समज.

सव्वीस जानेवारीले बीडीओ आले. मांडव टाकला. संडासाले फुलायचे हार. पोरायनं झेंड्याचं गाणं म्हटलं. साहेबानं फीत कापली अन् दार उघडून पायलं. आत सुगंधाबाई होती. (नव्हती. ती फक्त झाडू ठेवायला गेली होती. — लेखनिक) म्या सांगून राह्यलो का तू? होती तं होती. लोक लय हसले. साहेबानं दार लोटून घेतलं.

मंग मास्तरले माइकपाशी उभं केलं. साहेब म्हणे, गुरुजी, सांगा सर्वायले, रोज वापरता ना? म्या पुढच्या रांगेत बसून होतो. मले वाटलं, आता हा माणूस पुन्हा काईतरी परतिज्ञा करते. पाय थरथरून राह्यले होते त्याचे. (हे खोटं आहे. — लेखनिक) (हे खरं आहे. सुगंधानेही पाहिलं. लिहिलं. — लेखनिक)

मंग म्हणे, ‘हो, रोज वापरतो. पण एकट्याले जमत नाई. पत्रू बाहेर बसून बोलते, तवा होते.’

हे असंच म्हटलं त्यानं, माइकवर, आपल्या बोलीत. जनमभर शाळेत पोरायले शुद्ध बोला, शुद्ध बोला करून मारलं.

पयले गिरजाबाई हसली. मंग सारेच हसले. पण तुले सांगतो, ते हसणं पानठेल्यावरचं नव्हतं. गिरजाबाईच उठून म्हणे, ‘साहेब, माह्या नावाचा अर्ज लिवा. मले बोलाले कोणी लागत नाई.’ तिच्या मागं बायायची रांग लागली. चौदा अर्ज झाले. मास्तरच भरून देऊन राह्यला.

पंधरावा माहा. रुखमानं माह्या हाताचा अंगठा धरून दाबून लावला. बांधकामाचा ओवरशेर नकाशा घेऊन आला. म्हणे, दोन संडासात दहा फूट जागा सोडा लागते. म्या म्हटलं, दहा फुटावरून आयकू येत नाई. तो म्हणे, नेमात बसत नाई. म्या म्हटलं, नेमाले म्हणा, उभा राह्य. मास्तरनं त्याले तुह्यं ते सारं समजावलं. द्रव्य, भिंत, नसा, डोकं, सारं. एक घंटा. शेवटी त्याचंच पोट गुडगुडाले लागलं. म्हणे, करा काय कराचं ते. कुंपण काढलं अन् मास्तरच्या संडासाची मागची भिंत पाडून एकाच नव्या भिंतीले दोन्ही संडासायच्या पाठी टेकवल्या.

मास्तर इचारून राह्यला, तुह्यं ते काजळीचं काम झालं का. रेघा चढून राह्यल्या का. झालं म्हंजे ये. तुले मोहाच्या झाडावर चढवतो, अन् यावेळी उतरवतोही.

खाजकुयलीचं मनात ठेवू नोको. औषध बरोबर होतं. लावाची जागा चुकली. (मी हरकत घेतली. तो म्हणाला, लिव. लिहिलं. — लेखनिक)

भिंत काल झाली. गवंड्याले म्या एक वीट मधातली सोडाले लावली, बसल्यावर खांद्याच्या उंचीले. आज सकाळी पयल्यांदा दोघंही आपापल्या संडासात बसलो. तंबाखू तिथून गेला, चुना तिथून आला. बाकी ज्याचं त्याचं.

पत्रू
(निशाणी अंगठा)